बेताचा जोर: सुटे भाग जुळवणारे रोबो आणि बलनियंत्रण

कारखान्यातल्या रोबोंच्या कामांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. रंगाची फवारणी, आर्क वेल्डिंग किंवा माल उचलून ठेवणे ही पहिल्या गटातली कामे. त्यांत रोबोच्या हाताने ठरलेल्या वाटेने ठरलेल्या जागी जायचे, एवढेच महत्त्वाचे असते. दुसरा गट जुळणीचा. बेअरिंगमध्ये शाफ्ट घालणे, सिलिंडरमध्ये पिस्टन उतरवणे, गिअरचे दाते एकमेकांत बसवणे, कनेक्टर खटकन बसेपर्यंत दाबणे अशा कामांत दोन टणक वस्तू एकमेकींना भिडतात. त्या भिडल्या की हात कुठे आहे याच्याइतकाच तो किती जोर लावतो आहे हाही प्रश्न मोलाचा ठरतो. हा जोर मोजणे, बेतात ठेवणे आणि योग्य दिशेने वळवणे म्हणजे बलनियंत्रण.

पहिल्या गटातली कामे रोबोंनी लवकर आत्मसात केली. ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झाला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम होते. जुळणीचे काम मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षे माणसांच्याच हाती राहिले आणि आजही त्याचा मोठा भाग माणसेच करतात. या कामाला लागणारी नेमकी जागा आणि यंत्राचा ताठर स्वभाव यांचा मेळ बसत नाही, हे त्याचे मूळ कारण आहे.

जागेची अचूकता का पुरत नाही

२० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट त्याच मापाच्या भोकात सहज सरकेल असा बसवायचा असेल, तर ड्रॉइंगवर बहुधा ‘एच७/जी६’ अशी खूण असते. या खुणेनुसार भोकाचा व्यास २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर आणि शाफ्टचा व्यास १९.९८० ते १९.९९३ मिलिमीटर यांच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे दोहोंमधली मोकळीक कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता रोबोकडे पाहू. चांगला औद्योगिक रोबो शिकवलेल्या जागी पुनःपुन्हा गेला, तर दर वेळी साधारण २० ते ५० मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे फक्त हाताचीच चूक सगळ्या मोकळिकीएवढी झाली. त्यात इतर चुकांची भर पडते. ट्रेमध्ये भाग थोडा सरकलेला असतो, ग्रिपरमध्ये तो किंचित तिरका धरला जातो, फिक्स्चर झिजलेले असते. दुपारी कारखाना तापला की पोलादाची एक मीटर लांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे १२ मायक्रॉनने वाढते. या सगळ्यांची बेरीज सहज मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत जाते.

चूक झाली म्हणून लगेच बिघडते असे नाही. तिच्यावर रोबो काय करतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. नेहमीचा रोबो जागेच्या हुकमावर चालतो. सांगितलेल्या जागेपासून हात दूर राहिला, तर नियंत्रक मोटारींना आणखी जोर लावायला सांगतो. हवेत हा स्वभाव गुणाचा असतो, पण भाग भिडल्यावर तोच घातक ठरतो. समजा, हात आणि भाग मिळून होणारा ताठरपणा मिलिमीटरला ५०० न्यूटन आहे. मग ०.२ मिलिमीटरच्या चुकीतून १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलो वजनाइतका रेटा तयार होतो. चूक १ मिलिमीटर झाली, तर तो ५० किलोंवर जातो. एवढ्यात बेअरिंगची कड चेपते, शाफ्टवर ओरखडा उठतो किंवा भाग ग्रिपरमधून निसटतो.

कसलेल्या फिटरच्या बोटांची अचूकता रोबोहून कमीच असते. तरी तो तोच शाफ्ट नजर दुसरीकडे ठेवूनही बसवतो, कारण त्याचा हात भोकाच्या कडेचे ऐकतो. कड जिकडे ढकलते तिकडे हात थोडा सरकतो, अडले की थोडा वळतो आणि पुन्हा दाबतो. बलनियंत्रणाचे सारे शास्त्र हे झुकणे यंत्रात आणण्यासाठी आहे. ते कुठे ठेवायचे, हाताच्या रचनेत, मनगटातल्या यंत्रणेत की नियंत्रकाच्या हिशेबात, यावरून त्याच्या वेगवेगळ्या पद्धती निघाल्या.

शाफ्ट भोकात जाताना

भोकात शाफ्ट घालणे हा या क्षेत्रातला पायाभूत प्रश्न मानला जातो. जुळणीच्या बहुतेक कामांत तो कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच. या क्रियेचे टप्पे ठरलेले आहेत. शाफ्टचे टोक आधी भोकाच्या तोंडावरच्या उतरत्या कडेला, म्हणजे चॅम्फरला लागते आणि त्यावरून घसरत तोंडाशी येते. मग शाफ्ट भोकाच्या भिंतीला एका बाजूने टेकतो. तो थोडा तिरका असेल, तर आणखी आत गेल्यावर समोरच्या भिंतीलाही टेकतो. अडचणी इथून सुरू होतात, आणि त्यांचे प्रकार दोन आहेत.

पहिल्या प्रकारात शाफ्ट नुसता अडतो. लावलेला जोर आणि वळवणारा टॉर्क यांचे प्रमाण चुकलेले असते. जोराची दिशा बदलली की तो सुटतो. दुसरा प्रकार अधिक वाईट, तो म्हणजे पाचर बसण्याचा. इथे शाफ्ट समोरासमोरच्या दोन बिंदूंमध्ये असा धरला जातो की घर्षणच त्याला जखडून ठेवते. मग वरून कितीही दाबले, तरी तो जोर त्या दोन बिंदूंमध्येच जिरतो. लाकडी टेबलाचा रुंद खण एका टोकाला धरून ढकलला की तिरका होऊन घट्ट बसतो, तसेच हे. मागे ओढून सरळ केल्याशिवाय तो हलत नाही.

पाचर कधी बसू शकते याचा नियम सोपा आहे. शाफ्ट दोन्ही भिंतींना पहिल्यांदा टेकतो त्या वेळी तो किती खोल गेला आहे ते पाहायचे. ही खोली व्यास गुणिले घर्षणांक या संख्येपेक्षा कमी असेल, तर पाचरीचा धोका असतो. २० मिलिमीटरचा शाफ्ट आणि ०.२ घर्षणांक धरला, तर ही सीमा ४ मिलिमीटरवर येते. म्हणून भोकाच्या तोंडाजवळचे पहिले काही मिलिमीटर सर्वांत नाजूक असतात. तेवढे निभावले की शाफ्ट भोकाच्या भिंतींच्या आधाराने आपोआप सरळ होत जातो. चॅम्फर मोठा ठेवणे, पृष्ठभागाला तेल लावून घर्षण कमी करणे आणि सुरुवातीचा तिरकेपणा टाळणे हे तिन्ही उपाय याच नियमातून निघतात.

मनगटातला मऊपणा

हे सगळे गणित अमेरिकेत केंब्रिज इथल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात मांडले गेले. जेम्स नेव्हिन्स, डॅनियल व्हिटनी, सॅम्युएल ड्रेक आणि पॉल वॉटसन हे त्यातले प्रमुख. त्यांनी यातून एक साधे, पण विलक्षण साधन घडवले. रबर आणि धातूच्या थरांचे किंवा पातळ दांड्यांचे हे छोटे जोडकाम रोबोचे मनगट आणि ग्रिपर यांच्यामध्ये बसते. त्यात ना मोटार असते, ना सेन्सर.

त्याची खुबी त्याच्या भूमितीत आहे. नुसता रबराचा तुकडा मनगटात घातला, तर शाफ्टच्या टोकाला बाजूने धक्का बसताच शाफ्ट वरच्या बाजूने कलंडतो, आणि तिरकेपणा वाढल्याने पाचर बसते. ड्रेपरच्या साधनातल्या दांड्या अशा कोनात लावलेल्या असतात की त्याचे झुकण्याचे केंद्र साधनात न राहता खाली शाफ्टच्या टोकाशी येते. त्यामुळे टोकाला बाजूने ढकलले, तर शाफ्ट न कलंडता सरळ उभाच बाजूला सरकतो. टोकाभोवती वळवले, तर तो जागा न सोडता वळतो. भोकाची कडच शाफ्टला योग्य जागी आणते. अर्ध्या सेकंदाच्या आत काम उरकते, कारण हिशेब करायला वेळ लागतच नाही.

याला मर्यादाही आहेत. झुकण्याचे केंद्र शाफ्टच्या लांबीप्रमाणे ठरते, म्हणून लांबी बदलली की साधन बदलावे लागते. चॅम्फर नसेल, तर त्याचा उपयोग घटतो. भाग आडवा बसवायचा असेल, तर ग्रिपरचे वजन त्याला वाकवते.

जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी मऊपणा थेट हाताच्या सांगाड्यात आणला. १९७८ साली त्यांनी ‘स्कारा’ रोबोचा पहिला नमुना तयार केला आणि १९८१पासून तो बाजारात आला. त्याचे खांदा आणि कोपर हे सांधे उभ्या अक्षाभोवती फिरतात. त्यामुळे हात आडव्या दिशेत थोडा झुकतो, उभ्या दिशेत मात्र ताठ राहतो. भाग वरून खाली दाबून बसवण्याच्या कामाला हीच रचना हवी असते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या जुळणीत स्कारा आजही सर्रास दिसतो.

जोर मोजणारे मनगट

भागांची मापे आणि आकार वारंवार बदलत असतील, तर यांत्रिक मऊपणा पुरत नाही. मग जोर मोजून त्याप्रमाणे हात हलवावा लागतो. याचे पहिले प्रयोगही १९७०च्या दशकातलेच. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट बोलेस आणि रिचर्ड पॉल यांनी संवेदकांच्या मदतीने रोबोच्या हाताकडून मोटारीचा पाण्याचा पंप जुळवून घेतला. पुढच्या वर्षी एमआयटीत हिरोचिका इनोउए यांनी नेमक्या जुळणीसाठी बलाचा प्रतिसाद वापरून दाखवला. त्याच सुमारास जपानच्या हिताची कंपनीने ‘हाय-टी-हँड’ रोबो तयार केला. लवचिक मनगट आणि बलाचा प्रतिसाद यांच्या जोडीने तो सुमारे १० मायक्रॉन मोकळीक असलेले भाग बसवत असे.

आज या कामासाठी मनगटात डबीएवढा गोल सेन्सर बसवतात. त्याच्या आत धातूच्या तीन-चार जाड पट्ट्या असतात आणि त्यांवर स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. पट्टी किंचित वाकली की गेजचा विद्युतरोध बदलतो. सगळ्या गेजांची मापे एकत्र मांडून तीन दिशांचे बल आणि तीन अक्षांभोवतीचा टॉर्क असे सहा आकडे मिळतात. हे आकडे सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा नियंत्रकाकडे जातात.

आकडे हाती आले, म्हणजे लगेच संपर्काचा जोर कळला असे नाही. सेन्सरच्या पुढे लटकलेल्या ग्रिपरचे वजनही त्यांत मिसळलेले असते. २ किलोंचा ग्रिपर सुमारे २० न्यूटनचे बल लावतो, आणि मनगट वळले की त्या बलाची दिशाही बदलते. म्हणून ग्रिपरचे वजन आणि गुरुत्वमध्य आधी मोजून ठेवतात आणि प्रत्येक क्षणी ते वजा करतात. हात वेगाने हलत असेल, तर त्वरणाचे बलही वजा करावे लागते. तापमानामुळे सेन्सरचे शून्य सरकत राहते. त्यामुळे भाग टेकण्याच्या जरा आधी, हात हवेत स्थिर असताना, शून्य पुन्हा लावून घेण्याची पद्धत आहे.

मनगटाऐवजी प्रत्येक सांध्यातच टॉर्क मोजण्याची वाट जर्मन अंतराळसंस्थेच्या संशोधकांनी दाखवली. त्यांच्या हलक्या हातावरून कूका कंपनीने २०१३ साली ‘एलबीआर ईवा’ हा रोबो आणला. त्याच्या सातही सांध्यांत टॉर्क सेन्सर आहेत. गिअरमधल्या घर्षणामुळे मोटारीच्या विद्युतप्रवाहावरून जोराचा अंदाज नीट येत नाही. सेन्सर गिअरच्या पलीकडे बसवल्याने ही अडचण दूर होते. शिवाय हाताला मनगटाच्या मागे, कोपराजवळ कुठे स्पर्श झाला, तरी तोही जाणवतो.

जोराचा हिशेब

मोजलेल्या जोरावरून हात कसा हलवायचा, याच्या मुख्य रीती १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात ठरल्या. १९८१ साली मॅथ्यू मेसन यांनी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. कोणत्याही संपर्कात काही दिशा मोकळ्या असतात आणि काही वस्तूंनीच बंद केलेल्या असतात. मोकळ्या दिशेत हालचालीवर ताबा ठेवता येतो, बंद दिशेत फक्त जोरावर. त्याच वर्षी मार्क रेबर्ट आणि जॉन क्रेग यांनी यावर उभारलेली संमिश्र नियंत्रणाची रीत मांडली. काच पुसणाऱ्या रोबोने काचेच्या पृष्ठभागावर ठरलेल्या वाटेने जायचे आणि काचेला लंब दिशेत ठरलेला जोर कायम ठेवायचा, हे तिचे सोपे उदाहरण. दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, पण वेगवेगळ्या दिशांत.

जुळणीत मात्र कोणती दिशा कधी बंद होईल, हे क्षणाक्षणाला बदलते. १९८५ साली एमआयटीतल्या नेव्हिल होगन यांनी यावर वेगळा उपाय सुचवला. जागा किंवा जोर यांपैकी एकाच गोष्टीचा हट्ट धरू नये, दोहोंमधले नाते ठरवून द्यावे, असे त्यांनी मांडले. म्हणजे हाताने असे वागायचे की जणू तो ठरलेल्या जागेला स्प्रिंगने बांधलेला आहे आणि सोबत धक्के शोषणारा डॅम्परही आहे. याला प्रतिबाधा नियंत्रण म्हणतात. या स्प्रिंगचा ताठरपणा प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलून कमी-जास्त करता येतो, आणि तोही दिशेप्रमाणे वेगळा. आडव्या दिशेत मीटरला ५०० न्यूटन एवढाच ताठरपणा ठेवला, तर १ मिलिमीटरच्या चुकीतून फक्त अर्ध्या न्यूटनचा रेटा निघतो. वर पाहिलेल्या ताठर हाताच्या तुलनेत हा रेटा हजार पटींनी कमी झाला.

कारखान्यातले बहुतेक जुने रोबो मात्र जागेचाच हुकूम घेतात. त्यांच्यासाठी हेच नाते उलट बाजूने वापरतात. मनगटावरचा जोर मोजायचा, स्प्रिंग असती तर या जोराने हात किती सरकला असता हे काढायचे आणि तेवढी नवी जागा रोबोला सांगायची. यासाठी मूळ यंत्र बदलावे लागत नाही, म्हणून उद्योगात ही रीत जास्त रुळली आहे.

या सगळ्यांत मोठी अडचण उशिराची. समजा, हात सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने खाली येतो आहे आणि भाग टेकल्याचे कळून तो थांबेपर्यंत ०.०२ सेकंद जातात. तेवढ्यात तो ०.२ मिलिमीटर पुढे गेलेला असतो, आणि मिलिमीटरला ५०० न्यूटन या ताठरपणाने १०० न्यूटनचा ठोका बसतो. मग नियंत्रक घाईने हात मागे घेतो, भाग सुटतो, हात पुन्हा आदळतो आणि मनगट थरथरू लागते. यावर उपाय तीन: टेकण्याच्या आधी वेग कमी करणे, नियंत्रणाचे चक्र जलद करणे आणि डॅम्पिंग वाढवणे. मनगटात थोडे रबर असेल, तर तेही मदतीला येते. म्हणूनच आजच्या अनेक यंत्रणांत सेन्सर आणि यांत्रिक मऊपणा दोन्ही एकत्र नांदतात.

कामाच्या जागी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर टॉर्क कन्व्हर्टर बसवण्याचे काम या शास्त्राची खरी कसोटी पाहते. टॉर्क कन्व्हर्टर हा जड, गोल, बंद डबा असतो. त्याच्या आतल्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दात्यांशी जुळाव्या लागतात, पण त्या वरून दिसत नाहीत. शिवाय जुळणी एका ठिकाणी होऊन भागत नाही. आतल्या शाफ्टचे दाते, स्टेटरच्या नळीचे दाते आणि तेलाच्या पंपाच्या खाचा अशा तीन जागी तो एकापाठोपाठ बसावा लागतो. हाताने बसवणारा कारागीर डबा हळूहळू फिरवत खाली सोडतो आणि बसल्याचे तीन धक्के हाताला जाणवेपर्यंत थांबत नाही. शेवटचा टप्पा न बसताच बोल्ट आवळले, तर पंप फुटतो.

रोबो हेच करतो. तो डबा शाफ्टवर आणतो आणि खालच्या दिशेत हलका, ठरलेला जोर कायम ठेवतो. आडव्या दिशांत तो मऊ राहतो आणि उभ्या अक्षाभोवती डबा काही अंश इकडे, काही अंश तिकडे फिरवत राहतो. दाते समोरासमोर आले की डबा थोडा खाली घसरतो. नियंत्रक ही खोली नोंदवतो आणि पुढच्या टप्प्याला लागतो. तिन्ही टप्प्यांनंतर एकूण खोली ठरल्याप्रमाणे भरली, तरच भाग पुढे जातो. मोठ्या वजनाचा डबा दिवसभर फिरवून बसवण्याच्या कष्टातून कामगाराची सुटका होते, हा याचा आणखी एक मोठा लाभ.

भोक नेमके कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर रोबो ते शोधतो. शाफ्ट हलक्या जोराने पृष्ठभागावर टेकवून तो सर्पिल वाटेने बाहेर-बाहेर फिरतो. टोक एकदम खाली उतरले की भोक सापडले. सर्पिलाचे दोन वळसे चॅम्फर पकडू शकेल त्याहून लांब ठेवले, तर भोक मधल्यामध्ये निसटते. फार जवळ ठेवले, तर वेळ वाया जातो. शाफ्ट मुद्दाम थोडा तिरका धरून त्याची कड भोकात अडकवायची आणि मग उभा करायचा, ही दुसरी युक्ती. तिरक्या शाफ्टची खालची कड भोकात शिरायला सरळ शाफ्टपेक्षा जास्त वाव मिळतो.

मोजलेला जोर तपासणीलाही कामी येतो. भाग आत जाताना खोलीप्रमाणे जोर कसा बदलत गेला, याचा आलेख प्रत्येक नगासाठी साठवता येतो. दाबून बसवायच्या बेअरिंगमध्ये जोर ठरलेल्या पट्ट्यात राहून चढला पाहिजे. कमी राहिला, तर बेअरिंग सैल आहे. आधीच वाढला, तर ते तिरके बसते आहे. खटक्याने बसणाऱ्या कनेक्टरमध्ये जोर चढून एकदम पडला पाहिजे. तो पडला नाही, तर खटका बसलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला न दिसणारा हा दोष बसवतानाच पकडला जातो.

माणसाच्या शेजारी

जोर ओळखणारा हात माणसाशेजारी काम करू शकतो, कारण कुणाला धक्का लागला तर तो थांबू शकतो. यातून कोबॉट, म्हणजे माणसाला सहकार्य करणारे रोबो पुढे आले. २०१६ सालच्या ‘आयएसओ/टीएस १५०६६’ या मार्गदर्शक दस्तऐवजात शरीराच्या कोणत्या भागावर किती जोर सह्य मानावा, याचे तक्ते आहेत. शरीराचा भाग यंत्रात दाबला जाण्याच्या प्रसंगी पंजा व बोटांसाठी ही मर्यादा १४० न्यूटन आहे, तर चेहऱ्यासाठी ६५ न्यूटन. या मर्यादेत राहायचे, तर रोबोला वेग आणि उचलायचे वजन दोन्ही कमी ठेवावे लागतात.

महाराष्ट्रात या रोबोंचा वापर लवकर सुरू झाला. बजाज ऑटोने २०१०पासून आपल्या मोटारसायकलींच्या उत्पादनात डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीचे कोबॉट आणले, आणि पुण्याजवळच्या चाकण कारखान्यातही ते काम करू लागले. त्या कंपनीने २०१८ साली आणलेल्या नव्या मालिकेत मनगटातच बल-टॉर्क सेन्सर बसवून दिला. त्यामुळे वेगळा सेन्सर आणून जोडण्याची गरज उरली नाही.

अजून अवघड असलेली कामे

ताठ आणि ठरावीक आकाराचे भाग बसवणे आता जमू लागले आहे. मऊ भागांची गोष्ट वेगळी. वायरचे जुडगे, रबरी सील, पट्टे, होज पाइप हे जोर लावताच आपला आकार बदलतात. त्यामुळे वाढलेला जोर चूक दाखवतो आहे की भाग नुसता ताणला जातो आहे, हे ओळखणे कठीण जाते. मोटारीच्या जुळणीत वायरिंगचे काम अजून बहुतांशी माणसांकडे असण्यामागे हेच कारण आहे.

दुसरी अडचण तयारीला लागणाऱ्या वेळाची. सिंगापूरच्या नानयांग तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दोन रोबोटिक हातांकडून बाजारात मिळणाऱ्या लाकडी खुर्चीचा सांगाडा जुळवून घेतला. हातांना बल सेन्सर होते आणि सोबत त्रिमितीय कॅमेरा. प्रत्यक्ष जुळणीला ९ मिनिटांहूनही कमी वेळ लागला, पण हालचालींची आखणी करण्यात संगणकाची ११ मिनिटांहून अधिक गेली. शिवाय कोणती पायरी कशी करायची, हे माणसांनी आधीच लिहून दिले होते. नवा भाग आला की ताठरपणा, शोधाचा जोर, वेग, फिरवण्याचा कोन हे सगळे आकडे जाणकाराला पुन्हा जुळवावे लागतात. अनेक प्रयत्नांतून हे आकडे यंत्राने स्वतः शिकावेत, यावर सध्या जोमाने संशोधन चालू आहे.

तोवर कोणत्याही नव्या जुळणीची आखणी पुढील क्रमाने होते. आधी भागांच्या रचनेत चॅम्फर आणि मोकळीक पुरेशी ठेवायची. मग यांत्रिक मऊपणाने किती काम भागते ते पाहायचे. सेन्सर आणि नियंत्रण यांच्यावर उरलेलाच भार टाकायचा. मोटारसायकलचे इंजिन असो वा मोबाइलचा कनेक्टर, या तिन्ही ठिकाणी झुकण्याची वाटणी नीट झाली, तर भाग न दुखावता बसतो आणि बसलेला भाग नीट बसला आहे, याची खात्रीही त्याच वेळी मिळते.